चुलत्यांच्या कागलकडच्या बोलीतल्या कवितांना चाली लावतोय, जाणकारांनी बोला

चिपाडाची_गंजी
नमस्कार मंडळी. माझे चुलते, घरात सगळे त्यांना तात्याच म्हणायचे, कागल तालुक्यात झेडपीच्या शाळेत मास्तर होते. आयुष्यभर कविता लिहिल्या आणि त्या सगळ्या गावच्या बोलीत, बायका शेतात भांगलताना, म्हणजे तण काढताना, जशा बोलतात अगदी तशा. १९८८ साली पदरचे पैसे घालून एक छोटं पुस्तक छापलं, ते पाहुण्यांत आणि शाळांत वाटून संपलं. २०१७ ला तात्या गेले. मागं पुस्तकाची एक प्रत आणि दोन वह्या राहिल्यात, वह्यांतल्या बऱ्याच कविता कुठंच छापलेल्या नाहीत.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, पेटी वाजवतो, भजनी मंडळात बरीच वर्षं साथ करतोय. घरात असं ठरलंय की यातल्या सात-आठ कवितांना चाली लावून एक कार्यक्रम करायचा आणि जमलं तर रेकॉर्डिंग पण. काम सुरू झालंय पण दोन ठिकाणी गाडं अडलंय. एक कविता अशी आहे, गुऱ्हाळावर कामाला जाणारी बाई बोलतीय (चिपाड म्हणजे रस काढून राहिलेला ऊस):

चिपाड वाळवाय येतो, उनं डोईवर घेतो
वास गुळाचा पदराला घरापतूर मी नेतो

गाणारी मुलगी गुणी आहे, शास्त्रीय शिकलेली आहे, ती म्हणते पदर आहे म्हणजे बाई आहे, मग येते, घेते, नेते असंच पाहिजे, यमकही मोडत नाही. कीबोर्डवाला पण म्हणतो तसं केलं तर सगळ्या महाराष्ट्रात चालेल, नाहीतर लोकांना चूक वाटंल. दुसरं म्हणजे चाल मी भीमपलास रागाच्या अंगानं लावलीय, ऐकायला गोड लागतीय, घरच्यांना आवडलीय, पण तात्या स्वतः वाचायचे तेव्हा पोटात जे तुटायचं ते यात येत नाही. कुणी बोलीतल्या कवितांवर काम केलं असेल तर सविस्तर सांगा, मोठं लिहिलं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

रंकाळ्याचा_वारा
लई भारी काम काढलंयस भावा. येते केलंस तर कागलात तुला कोण पान्याला बी विचारनार न्हाई बग. हितंच बसलोय, येऊ देत लोकं.

पुण्यातला_श्रोता
मला थोडं वेगळं वाटतं. मी कोल्हापूरचा नाही, पण मराठी गाणी मनापासून ऐकतो. गाणं ऐकताना माणूस हातात पुस्तक घेऊन बसत नाही, एकदाच कानावरून जातं, तिथे श्रोता अडखळला की गाणं निसटलं. "घरापतूर" ठेवा, तो शब्द संदर्भाने कळतो आणि सुंदर आहे. पण बाईच्या तोंडी "मी नेतो" आलं तर माझ्यासारख्याला वाटेल की मध्येच कुणी पुरुष बोलायला लागला, आणि पुढच्या दोन ओळी मी तेच शोधत बसेन. एवढा एक बदल केल्याने कवितेचं फार बिघडेल असं मला वाटत नाही, उलट ती जास्त घरांत पोचेल.

मुरगूडची_माहेरवाशीण
पुण्यातला_श्रोता, तुमचं म्हननं समजलं पर मी तुमास्नी दुसरी बाजू सांगतो. होय, सांगतो. मी मुरगूडची, लग्न होऊन बारा गावचं पानी पिलो, तरी आईचा फोन आला की तोंडात "जेवलो, आवरलो, निगालो" हेच येतंय. आमच्याकडं सगळ्या बायका असंच बोलत्यात, कागल, गडहिंग्लज, राधानगरी सगळीकडं. कॉलेजला बाहेर गेलो तवा वर्गातल्या पोरी हसायच्या, एका मॅडमनी तर सगळ्यांम्होरं उभं करून "मी आले" असं म्हनून घेतलं हुतं. मग आमी पोरींनी बाहेर एक बोलायचं आन घरात एक असं शिकून घेतलं. आन आता आमच्या बोलीतली कविता गान्यात येनार, आन तितं बी आमाला येते-घेते करायला लावनार? ती बाई येतो म्हनली की ती कुठली हाय, कुनाची हाय हे पयल्या ओळीतच कळतंय. तुमाला दोन ओळी थांबावं लागलं तर थांबा की.

आता दुसऱ्या अडचनीचं. मी ल्हान असताना आई आन मोठी चुलती गुऱ्हाळावर जायच्या. चिपाडं पसरायची, वाळली की गोळा करून चुलवानाकडं टाकायची, दिवसभर त्येच. उसाच्या कुसा हातात जात्यात, उनात डोकं भनभनतंय. काहिलीतनं, म्हंजी मोठ्या कढईतनं, गूळ वाफ्यात वतला की वास पार वड्याच्या पलीकडं जातोय. मालक चांगला असला तर सांजंला पदराच्या टोकात गरम गुळाचा खडा बांधून मिळायचा, मग आमी पोरं वाटंवर जाऊन थांबायचो. आता तात्यांची ओळ परत वाचा. ती बाई घरापतूर वास नेतीय. गूळ न्हाई नेत. त्या दिवशी खडा मिळाला न्हाई, पदराला नुसता वास हाय, आन दारात पोरं हुबी असनार. ह्येला गोड चाल लावली की सगळ्यांस्नी वाटनार बाई गुळाच्या वासानं खुश हाय. म्हनून तुमच्या पोटात तुटंना झालंय.

चिपाडाची_गंजी
माहेरवाशीण, ताई, हे वाचून मी वही परत उघडली. त्या कवितेच्या पुढच्या कडव्यात "पोरं हुंगत्यात पदर" अशी ओळ आहे, आणि ती मी आजवर लाडाची ओळ म्हणून वाचत होतो. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर आहे. चाल नव्यानं लावतो.

रंकाळ्याचा_वारा
पोरं हुंगत्यात पदर... गप झालो लगा मी.

जळगावकर_लेक
वाचतेय आणि मनापासून आवडतोय हा धागा. आमच्याकडचा दाखला देते. बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. शेतात, जात्यावर काम करताना ओव्या रचायच्या आणि म्हणायच्या, त्यातलं काही मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकाने उतरवून घेतलं. त्या गेल्यावर आचार्य अत्र्यांनी ते वाचलं आणि १९५२ साली पुस्तक आलं. पुढे १९६१ च्या मानिनी सिनेमात त्यातल्या काही कवितांना वसंत पवारांनी चाली दिल्या आणि त्या कोकणापासून विदर्भापर्यंत घराघरात गेल्या. भाषा खान्देशी, लेवा गणबोलीच राहिली. कुणीही म्हटलं नाही की आम्हाला हे शब्द कळत नाहीत म्हणून पुणेरी करून द्या. शाळेच्या पुस्तकातून ज्या मुलांनी त्या कविता पाठ केल्या त्यांच्यातल्या कितीजणांनी खान्देश पाहिला असेल? तेव्हा पुण्यातला_श्रोता, श्रोता वाटतो त्यापेक्षा जास्त ताणून घेतो स्वतःला, फक्त गाण्यात तेवढी ताकद पाहिजे.

एक फरक मात्र लक्षात घ्या. बहिणाबाईंच्या रचना आधीच गाणं होत्या, ओवीचा ठेका आत होताच, संगीतकाराला तो शोधावा लागला नाही. तुमच्या तात्यांनी कागदावर लिहिलंय. प्रत्येक कवितेत गाणं असेलच असं नाही.

उगीच_विचारतो
जळगावकर_लेक यांच्या शेवटच्या वाक्यावरूनच पुढे जातो. मुळात गाणं करायचं कशाला? तात्या वाचायचे तेव्हा पोटात तुटायचं असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे कविता वाचनातच पूर्ण होती. आजकाल कुणी कवी गेला की दोन वर्षांत त्याच्या कवितांना व्हायोलिन आणि बासरी लागते आणि सगळ्या कविता एकसारख्या हळव्या होऊन बसतात, मग लोकांना चाल आठवते आणि कविता आठवत नाही. माझं मत, आधी वह्या टाइप करून नीट पुस्तक काढा. पैसा आणि वेळ तिकडे लावा. शब्द कागदावर पक्के झाले की मग गाणं.

हलगी_घुमकं
उगीच_विचारतो, पुस्तक काढावं हे खरं, पर आमच्या गावात पुस्तक वाचनारे किती आन गानं ऐकनारे किती ते पन बगा की. तात्यांची कविता ज्या बाईवर हाय ती बाई पुस्तक हातात धरनार न्हाई, गानं लागलं तर मात्र हातातलं काम थांबवंल.

आता वाद्यांचं बोलतो, माझा तो धंदाच हाय. कार्यक्रम कोल्हापुरी म्हनला की पयला फोन हलगीवाल्याला येतोय. मला सुपारी मिळती, पोट चालतंय, तरी सांगतो, ह्या गुऱ्हाळाच्या गान्याला हलगी लावू नगा. हलगी, घुमकं, कैताळ हे मैदानाचं वाद्य हाय. कुस्तीचा फड, पालखी, मिरवनूक, मर्दानी खेळ. तिचं काम माणसाला पुढं ढकलायचं. ही बाई दमून घराकडं चाललीय, तिला कोन ढकलायलंय? तितं एक तुनतुनं बास हाय. एकच तार, एकसारखी, तिच्या पावलाच्या लयीत. लईच वाटलं तर मंजिरी. तबला नको, तबला आला की बैठक हुती.

वह्यांत एखादी बैलाची, नायतर तालमीची कविता असंल तर तितं हलगी द्या, मी येतो. आन एक, हॉलमदी कार्यक्रम घेनार असला तर आधी इचारून ठेवा. चामड्याची हलगी वाजवायच्या आदी जाळावर तापवून घ्याय लागती, गारठली की आवाज बसतोय. हॉलवाले आत जाळ करू देत न्हाईत, मग लोकं फायबरची आनत्यात. फायबरची मोठ्यानं वाजती पर माईकम्होर कानात घुसती. बाहेर तापवून पळत आत आनायची सोय बगा.

कोमल_निषाद
हलगी_घुमकं यांचं तबल्याबद्दलचं म्हणणं मला फार पटलं. मी गाणं शिकवते, तर थोडं तांत्रिक लिहिते, कंटाळा आला तर क्षमस्व.

बोलीतल्या कवितेला चाल लावताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो ओळीच्या शेवटी. छापील मराठीत "राहिले, गेले, आले" असतं. शेवटी ए, त्यावर गायक हवा तेवढा थांबू शकतो, म्हणून भावगीतांत तीच रूपं जास्त सापडतात. बोलताना आपण "ऱ्हायलं, गेलं, आलं" म्हणतो. तो शेवटचा अं आखूड असतो आणि जरा नाकात असतो, त्यावर सूर लांबवला की गायक नकळत "ले"कडे घसरतो किंवा सरळ "ला" ऐकू येतं. गायिका मुद्दाम बोली बदलते असं नाही, चालच तिला तिकडे ढकलते. उपाय असा की लांबी शेवटच्या अक्षराला द्यायचीच नाही. "ऱ्हायलं" असेल तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, "ऱ्हा"वर घ्या, थांबायचं तिथे थांबा, आणि "यलं" बोलल्यासारखं पटकन सोडून द्या. पुढची रिकामी जागा तुणतुण्याला राहू दे.

दुसरं, अक्षरं कागदावर मोजू नका. "चिपाड वाळवाय येतो" ही लिहिताना नऊ अक्षरं आहेत, पण तोंडाने म्हणून बघा: चि, पाड, वाळ, वाय, ये, तो. सहा ठोके. "उनं डोईवर घेतो" पण सहाच. सहा मात्रांच्या दादऱ्यात काही न करता बसतंय. आणि गंमत पुढे आहे, "वास गुळाचा पदराला" आणि "घरापतूर मी नेतो" दोन्हीकडे सात ठोके होतात. शिकलेला गायक इथे एखादं अक्षर दाबून सहा करायला बघेल. जात्यावरच्या ओव्या ऐकल्यात त्यांना माहीत असेल, बायका अशा ठिकाणी ठेका मोडत नाहीत आणि शब्दही खात नाहीत, दोन अक्षरं एका मात्रेत घाईने उरकतात आणि पुढच्या अक्षरावर सावकाश येतात. "घरापतूर" घाईने आणि मग "मी"वर श्वास. घराकडे निघालेल्या बाईची घाई त्यात आपोआप येते.

पट्टी पण बघा. मुलगी शास्त्रीय शिकलेली आहे म्हणता, तर ती तिच्या तयारीच्या वरच्या पट्टीत गात असणार. तिला म्हणावं आधी कविता साध्या आवाजात चार वेळा वाच, ज्या उंचीवर वाचतेस त्याच्या आसपास षड्ज, म्हणजे सा, धर. आवाज खाली आला की मुरक्या आपोआप कमी होतात.

पुण्यातला_श्रोता
कोमल_निषाद, मी तुमचं वाचता वाचता बोटांनी ठेका धरून बघितला, खरंच सात होतात!
आणि माहेरवाशीण ताईंनी जे लिहिलंय त्यानंतर माझा आग्रह सोडतो. "नेतो"च राहू द्या. फक्त एवढं करा, गाण्याआधी निवेदनात दोन वाक्यं सांगा की तिकडच्या बायका असं बोलतात. मग कुणी अडखळणार नाही.

मुरगूडची_माहेरवाशीण
निवेदनात सांगा, पर माफी मागितल्यागत सांगू नगा. अभिमानानं सांगा.

तांबडा_पांढरा
हलगी जाळावर तापवायची म्हणे, आणि हॉलवाले म्हणणार आत जाळ नको, त्यापेक्षा कार्यक्रमच गुऱ्हाळावर घ्या ना भावांनो, चुलवाण आहेच, हलगी पण तापंल आणि आम्हाला काकवी पण मिळंल.

चिपाडाची_गंजी
तांबडा_पांढरा, हसू आलं पण कल्पना खरंच चांगली आहे, घरात सांगितली. अडचण एवढीच की गुऱ्हाळं चालतात हिवाळ्यात आणि तेव्हा कामाच्या धबडग्यात कोण जागा देणार, शिवाय पूर्वीएवढी गुऱ्हाळं तरी कुठं राहिलीत. पहिला कार्यक्रम शहरातच घ्यावा लागेल.

तांबडा_पांढरा
अवांतर लिहितो, पण राहवत नाही. असा कार्यक्रम केशवराव भोसले नाट्यगृहातच व्हायला पाहिजे होता. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं, ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली ती पण केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आमचे वडील तिथं बालनाट्यापासून शाहिरीपर्यंत सगळं दाखवायला न्यायचे, त्या रात्री ते रस्त्यावर उभे राहून लहान पोरासारखे रडले. सध्या तुमच्या कार्यक्रमाला दसरा चौकात शाहू स्मारक भवन बरं पडेल, शब्द ऐकायचेत तर लहान हॉलच चांगला.

रंकाळ्याचा_वारा
त्या रात्री अख्खं गाव जागं हुतं. घरातलं कोन तरी गेल्यागत झालतं.

वकिलीणबाई
भावनेचं सगळ्यांनी लिहिलंय, मी जरा कागदाचं लिहिते, कारण यात नंतर नाती तुटताना पाहिलीत.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. तात्या २०१७ ला गेले, म्हणजे १९८८ च्या पुस्तकातल्या कवितांवर ३१ डिसेंबर २०७७ पर्यंत. वह्यांतल्या कवितांचं वेगळं आहे. लेखक हयात असताना ज्या बाहेर आल्याच नाहीत, त्यांची ६० वर्षं त्या पहिल्यांदा प्रसिद्ध होतील त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. वर बहिणाबाईंचा विषय निघाला म्हणून सांगते, त्यांचंही हेच, पुस्तक त्यांच्या मागे १९५२ ला आलं, म्हणून त्यातल्या कविता २०१२ संपल्यावर सगळ्यांसाठी मोकळ्या झाल्या.

आता तुम्ही पुतणे आहात. तात्यांना मुलं असतील तर हक्क त्यांचा आणि काकू असतील तर त्यांचाही, तुमचा नाही. "घरात ठरलंय" एवढ्यावर रेकॉर्डिंग करू नका. मृत्युपत्र नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, सासरी गेलेल्या मुलींच्या सुद्धा, बहुतेक वेळा त्यांनाच विसरतात. कुठल्या कविता, कशासाठी, किती वर्षं, हे साध्या मराठीत लिहा. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते. चालीवरचा हक्क तुमचा, शब्दांवरचा त्यांचा, दोन्ही वेगवेगळे, हे पण लिहा. आणि रेकॉर्डिंग कंपनीने छापील फॉर्म पुढे केला तर सही करायच्या आधी कुणाला तरी दाखवा. एका ओळखीच्या कुटुंबाकडून एका ठिकाणी सगळ्याच कवितांचे हक्क कायमचे लिहून घेतले होते, आणि वर्षभराने कविता डीजेच्या ठेक्यावर मिरवणुकीत वाजताना त्यांनी ऐकली. कवितेची मोडतोड होऊन कवीच्या नावाला बट्टा लागत असेल तर वारस कायद्याने हरकत घेऊ शकतात, पण ते सगळं कोर्टात निस्तरण्यापेक्षा आधी दोन पानं लिहिलेली बरी.

चिपाडाची_गंजी
वकिलीणबाई, मनापासून आभार. तात्यांच्या मागे काकू, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. ताई इचलकरंजीला असते. तिच्याशी मी बोललोय पण लेखी काही नाही, या रविवारी जाऊन येतो. ती जे म्हणेल ते.

उगीच_विचारतो, तुमचा मुद्दा मी सोडलेला नाही. वह्या टाइप करायला घेतल्यात. आणि काल काकूंनी ट्रंकेतून एक कॅसेट काढली, तात्यांनी स्वतः वाचलेल्या कविता आहेत म्हणे. अजून लावून बघितलेली नाही, भीती वाटतीय की टेप अडकून तुटंल.

उगीच_विचारतो
लावू नका लगेच! कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना छोट्या टिकल्या असतात, त्या आधी मोडा म्हणजे चुकून कुणी रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसते का बघा, असेल तर घरच्या प्लेअरमध्ये घालूच नका, ती दुसऱ्या कॅसेटनाही लागते. बुरशी नसेल तर पेन्सिल घालून हाताने थोडी फिरवून बघा, सैल फिरते का. मग हेड साफ केलेल्या चांगल्या डेकवर एकदाच लावा आणि त्याच वेळी वायर थेट कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्ड करा. स्पीकरसमोर मोबाईल धरून करू नका, ते नंतर कशाच्या उपयोगाचं राहत नाही. ही कॅसेट तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर असू शकते. सावकाश करा.

कोमल_निषाद
उगीच_विचारतो यांना अनुमोदन. आणि ऐकाल तेव्हा पेटी जवळ ठेवू नका. ते कुठे थांबतात, कुठला शब्द उचलतात, ओळीच्या शेवटी आवाज वर जातो की खाली, एवढंच कागदावर खुणा करून घ्या. बोलीचा जो हेल असतो त्यातच निम्मी चाल असते.

जळगावकर_लेक
धागा वर काढतेय. काय झालं पुढे?

चिपाडाची_गंजी
उशीर झाला, माफ करा, मध्ये भांगलणी आणि दुखणी-खुपणी चालली होती.

ताईकडं जाऊन आलो. तिनं आणि तिच्या दोन्ही भावांनी, काकूंनी सह्या दिल्या, वकिलीणबाईंनी सांगितलं तसं सगळं लिहून. ताईची अट एकच, तात्यांचा एकही शब्द बदलायचा नाही आणि बदलायचा वाटला तर ती कविता घ्यायचीच नाही. मला मान्य आहे.

कॅसेटला बुरशी नव्हती. एका बाजूला भजन आहे, दुसऱ्या बाजूला तात्या. मागं कोंबड्यांचा आवाज आहे, मध्येच काकू काहीतरी विचारतात आणि तात्या "थांब की गं" म्हणतात. गुऱ्हाळाची कविता आहे त्यात. मला वाटलेलं ते सावकाश वाचत असतील, तर नाही, ते भरभर वाचतात, तक्रार केल्यासारखं, आणि "नेतो" ला आवाज वर जातो, प्रश्न विचारल्यावर जातो तसा. खाली येतच नाही. माझी आधीची चाल तिथं सा वर येऊन टेकत होती, सगळं छान मिटल्यासारखं. आता "मी नेतो" चा शेवट पंचमावर, म्हणजे प वर, सोडलाय आणि पुढच्या कडव्यापर्यंत तिथंच तुणतुणं चालू ठेवलंय. दादरा, कोमल_निषाद यांनी सांगितलं तसाच, घरापतूर घाईनं. भीमपलास काढला. खरं तर आता कुठला राग असा नाही, चारच सूर लागतात.

गायिकेला मुरगूडच्या ताईंचा प्रतिसाद वाचायला दिला. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी आली आणि "येतो" म्हणूनच गायली. पहिल्यांदा म्हणताना तिची जीभ अडखळत होती म्हणून तिला इचलकरंजीच्या आमच्या ताईशी फोनवर बोलायला लावलं, अर्धा तास दोघी नुसत्या जेवणा-खाण्याचं बोलत बसल्या, त्यानंतर जमलं.

उगीच_विचारतो, वह्यांतल्या दोन कविता मी गाण्यातून काढल्यात. एक बैल विकल्याची आहे, तिच्यात यमक नाही, ठेका नाही, ती नुसती बोलली जाते. ती कार्यक्रमात कॅसेटवरूनच ऐकवायची, तात्यांच्या आवाजात, मागं काहीही न वाजवता. कोंबड्या असू देत.

उगीच_विचारतो
हे तुम्ही फार चांगलं केलंत. आता मी कार्यक्रमाला येणार.

मुरगूडची_माहेरवाशीण
त्या पोरीला माझा नमस्कार सांगा. आन कार्यक्रमाची तारीख कळवा, आईला घिऊन येतो. तिला पुढं बसवा, कानाला कमी ऐकू येतंय.

चिपाडाची_गंजी
ताई, तुमच्या आईंची खुर्ची पहिल्या रांगेत. तारीख हॉल मिळाला की टाकतो, शाहू स्मारकला विचारलंय.

एकच अडलंय आता, तुणतुणं. माझ्या ओळखीत वाजवणारे आहेत पण सगळे शाहिरीच्या जलद लयीतले, सावकाश आणि एकसारखं धरून ठेवणारा माणूस पाहिजे. हलगी_घुमकं, कोण आहे का नजरेत?

हलगी_घुमकं
हायत. आमच्या गल्लीच्या मागं गोंधळी घर हाय, त्यांच्यातलं म्हातारं अजून रातभर जागरनात बसतंय, लय हलत न्हाई बगा त्याची, पोरगं संबळ वाजवतंय. आजच इचारतो. नंबर हितं सगळ्यांम्होर टाकत न्हाई, व्यनि, म्हंजी खाजगी निरोप, करतो. आन मानधन आधीच ठरवा, त्यांस्नी नंतर मागाय जमत न्हाई.

चिपाडाची_गंजी
आधीच देतो. व्यनि बघतोय.